बेघरांच्या निवाऱ्यासाठी आपली जागा द्यायची आहे? कोल्हापुरातल्या जागामालकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

कोल्हापुरात जागा पडून असलेली माणसं पुष्कळ आहेत. शिवाजी पेठेत वाटणीच्या वादात बंद राहिलेला वाडा, उद्यमनगरात फौंड्री थांबल्यापासून कुलूप लागलेलं शेड, पाचगाव-कळंब्याकडं मुलासाठी घेतलेला आणि मुलगा पुण्यातच रमल्यामुळं गवत माजलेला प्लॉट. यातल्या कुणाच्या तरी मनात कधीतरी येतंच: मध्यवर्ती बस स्थानकाबाहेर, सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या आवारात माणसं पावसात अंग चोरून झोपतात, त्यांना ही जागा का देऊ नये?

जरूर द्यावी. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये मोठ्या शहरांना सांगितलं होतं की लाख लोकसंख्येमागं एक निवारा हवा, तोही बारा महिने आणि चोवीस तास उघडा. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानानं लाखामागं किमान शंभर जणांची सोय हा निकष धरला. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. म्हणजे त्या वेळच्या आकड्यानंही पाचशेहून अधिक जणांची सोय हवी. महापालिकेकडं मोक्याच्या जागा मोजक्याच, त्यामुळं खासगी जागेला इथं खरी किंमत आहे.

पण जागा हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. रात्री दार उघडणारं माणूस आणि दर महिन्याचा खर्च, या दोन गोष्टी ठरल्याशिवाय जागा देऊ नका. बहुतेक जण उलट्या क्रमानं जातात. आधी जागा जाहीर करतात, फोटो काढतात, मग संस्था शोधतात. पुढची पायरी-पायरी मी मुद्दाम त्या क्रमानं लिहिलेली नाही.

आधी रात्री फिरून या

कागद काढण्याआधी रात्री अकरानंतर शहरात फिरा. मध्यवर्ती बस स्थानक, रेल्वे स्टेशनचा परिसर, सीपीआर, लक्ष्मीपुरीतल्या धान्य पेढ्यांचे कट्टे, भवानी मंडप आणि अंबाबाई मंदिराची बाजू, पंचगंगा घाट. दिवसा यातली निम्मी माणसं ओळखूही येणार नाहीत, कारण ती कामावर असतात. बेघर म्हणजे भिकारी हे समीकरण या एका फेरीत मोडतं. हमाल, हॉटेलात भांडी घासणारे, लग्नाच्या हंगामात वाढप्याचं काम करणारे, सीपीआरमध्ये पेशंट ठेवून बाहेर झोपणारे नातेवाईक, सुनेनं किंवा मुलानं बाहेर काढलेली म्हातारी माणसं, मनाचा तोल गेलेली माणसं. ऊसतोडीच्या हंगामात येणाऱ्या टोळ्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्या राहण्याची जबाबदारी कारखान्याची आणि मुकादमाची. शहरी निवारा त्यांच्यासाठी योग्य उत्तर नाही.

बोलताना फोटो काढू नका. "तुम्हाला कुठं न्यायचंय" असं विचारू नका. "रात्री कुठं टेकता, सामान कुठं ठेवता, कामावरून किती वाजता सुटता" एवढं विचारा. उत्तरं नीट ऐकलीत तर सामानाचा विषय बिछान्याच्याही आधी निघतो. बोचक्यात सीपीआरचे केसपेपर असतात, एखादा एक्स-रे, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड, एक बरं शर्ट. ते बोचकं चोरीला जाईल या भीतीनं माणूस रात्रभर डोक्याखाली घेऊन झोपतो आणि सकाळी कामावर जाताना कुणाकडं ठेवायचं हा प्रश्न असतोच. तुमच्या निवाऱ्यात कुलपाची पेटी नसेल तर तो येणार नाही, आणि तुम्ही म्हणाल की लोकांनाच यायचं नाही.

जागा किती आहे यापेक्षा कुठं आहे ते बघा

राधानगरी रस्त्याला दोन एकर देण्यापेक्षा लक्ष्मीपुरीत दोन गुंठे देणं जास्त उपयोगाचं. माणूस बेघर असला तरी त्याची रोजीरोटी ठरलेली असते: मार्केट यार्ड, स्टँड, मंदिर, दवाखाना. तिथून चालत अर्ध्या तासाच्या आत निवारा असला तर तो वापरला जातो. शेतातलं शांत वातावरण आपल्याला आवडतं, पण पहाटे चारला भाजी उतरवायला जाणाऱ्या माणसाला ते परवडत नाही. लांबची जागा असेल तर ती थकलेल्या, कामावर न जाऊ शकणाऱ्या माणसांच्या कायम निवासासाठी योग्य ठरते; तो वृद्धाश्रमाचा किंवा पुनर्वसनाचा प्रकल्प झाला, त्याचे परवाने आणि खर्च वेगळे.

दुसरी कसोटी पुराची. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. पूर आला की सुतारवाड्यातली कुटुंबं चित्रदुर्ग मठात हलवावी लागतात हे सगळ्या शहराला पाठ आहे. पूररेषेच्या नकाशावर दोन रेषा असतात, नदीजवळची निळी आणि तिच्या पलीकडची लाल. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये जागा असेल तर तिथं निवारा बांधायचा विचार सोडा, परवानगीही मिळणार नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे असेल तर जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर न्यावं लागतं, म्हणजे खर्च वाढतो. महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला मागताना पूररेषेचा उल्लेख लेखी मागून घ्या. शेजारी "२०१९ ला आमच्या दारात आलं नव्हतं" म्हणतात त्यावर जाऊ नका.

कागद: सातबाऱ्यावर फक्त तुमचंच नाव आहे का?

शहर हद्दीत सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका, हद्दीबाहेर सातबारा, आठ-अ आणि मागचे फेरफार काढा. आणि नावं वाचा. आत्याचं, लग्न होऊन गेलेल्या बहिणीचं, वारलेल्या काकांचं नाव असेल तर आधी वारस नोंद आणि सगळ्यांची लेखी संमती. "बहीण काही म्हणणार नाही" ही खात्री घरात चालते, दुय्यम निबंधकाकडं चालत नाही. आणि उद्या निवाऱ्यात वीस माणसं राहत असताना भाच्यानं दावा लावला तर रस्त्यावर तीच माणसं येतात.

भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २ हेही बघा. वर्ग २ ची, इनामाची किंवा वतनाची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला देता येत नाही. कोल्हापूर भागात देवस्थान इनामाच्या जमिनी बऱ्याच आहेत. वहिवाट तुमची असली तरी ती द्यायचा हक्क तुमचा नसतो.

शेतजमीन असेल तर तीन अडचणी येतात. कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्याला, म्हणजे संस्थेलाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना ती विकता किंवा बक्षीस देता येत नाही. भाडेपट्ट्यानं दिली तर कुळाचे प्रश्न उभे राहतात. आणि निवासी वापरासाठी जमीन अकृषिक (एनए) करण्याचे आजचे नियम बघावे लागतात. जमीन मंजूर विकास आराखड्यात निवासी झोनमध्ये येत असेल तर महसूल संहितेच्या कलम ४२-ब प्रमाणे वेगळी एनए ऑर्डर न काढता रूपांतर कर व इतर देणी भरून काम होतं. हद्दीलगतची करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतली ४२ गावं कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणात आहेत, तेव्हा तिथं बांधकाम परवानगीची चौकशी प्राधिकरणाकडं करा. दोन-चार गुंठे तोडून द्यायचे असतील तर तुकडेबंदीचे, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे पाडण्यावरच्या बंदीचे, आजचे नियम वकिलाकडून तपासून घ्या. एवढ्या कारणांमुळं माझं स्पष्ट मत असं की आधीच बांधलेली, शहरातली, बिनशेती जागा असेल तरच पहिल्यांदा पुढं या.

चालवणार कोण आणि महिन्याला किती

वीस माणसांच्या निवाऱ्याचा हिशेब मांडून बघा. तीन पाळ्यांसाठी तीन काळजीवाहक आणि एक सफाईचं माणूस, किमान वेतनाच्या आसपास धरलं तरी पन्नास ते साठ हजार. रात्रीचं जेवण आणि सकाळचा चहा-नाष्टा माणशी सत्तर रुपये धरले तर दिवसाला चौदाशे, महिन्याला बेचाळीस हजार. वीज, पाणी, गॅस, साबण, औषधं, रिक्षा यांचे पंधरा हजार. साधारण एक लाख सात ते सतरा हजार, म्हणजे वर्षाला तेरा-चौदा लाख. हा माझा अंदाज आहे, तुमच्या भागात तो खाली-वर होईल. किमान एका वर्षाची रक्कम डोळ्यांसमोर असल्याशिवाय दार उघडू नका. उघडून सहा महिन्यांत बंद केलेला निवारा हा न उघडलेल्या निवाऱ्यापेक्षा जास्त नुकसान करतो, कारण माणसानं तोवर फुटपाथवरची आपली ठरलेली जागा सोडलेली असते.

राजर्षी शाहू महाराजांनी बोर्डिंगं उभी केली तेव्हा नुसत्या जागा दिल्या नव्हत्या. १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून पुढं प्रत्येकाला कारभार बघणारं मंडळ होतं, उत्पन्नाची तजवीज होती. दसरा चौकातल्या त्या इमारती आजही चालू दिसतात त्याचं कारण तेच.

संस्था निवडताना चार गोष्टी मागा: धर्मादाय आयुक्त कार्यालयाचं नोंदणीपत्र, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, सध्याच्या विश्वस्तांची नोंद असलेला परिशिष्टाचा उतारा, आणि आयकर सवलतीची प्रमाणपत्रं (१२-अ व ८०-जी या नावांनी ओळखली जाणारी). त्यानंतर त्यांच्या एखाद्या केंद्रावर न सांगता रात्री जा. मला कागदांइतकीच ही भेट महत्त्वाची वाटते. संडास बघा, चादरी बघा, राहणाऱ्या माणसाला काळजीवाहक "तू" म्हणतो की "तुम्ही" ते ऐका. महापालिकेशीही बोला: पालिकेच्या निवाऱ्याला पूरक म्हणून तुमची जागा घेता येईल का, हे बेघर निवाऱ्यांचं काम पाहणाऱ्या विभागात विचारता येतं.

स्वतःच ट्रस्ट काढून स्वतःच चालवायचा मोह होईल. वेळ, वय आणि घरच्यांची साथ असेल तर करा. पण जागामालकच चालक झाला की हिशेब विचारणारं कुणी उरत नाही, आणि मालक आजारी पडला की निवारा आजारी पडतो. जागा आणि कारभार वेगळ्या हातांत असलेले बरे. सुरुवातीला लोकवर्गणी गोळा करायची असेल आणि नोंदणीकृत संस्था नसेल, तर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची ४१-क ची परवानगी घ्या.

करार: बक्षीसपत्र, भाडेपट्टा की परवाना?

इथं घाई करू नका. तीन मार्ग आहेत.

बक्षीसपत्र केलं की जागा संस्थेची झाली. नोंदणी आणि दोन साक्षीदार आवश्यक. एकदा ती सार्वजनिक न्यासाची मालमत्ता झाली की धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासालाही ती विकता येत नाही, हे संरक्षण चांगलं आहे. पण तुम्हाला ती परत मिळणार नाही. पुढची पिढी नाही किंवा सगळे मनापासून तयार आहेत, अशाच घरानं हा मार्ग घ्यावा.

भाडेपट्टा एक वर्षाहून जास्त मुदतीचा असेल तर तो नोंदणीकृतच लागतो. संस्थेला इमारतीवर मोठा खर्च करायचा असेल आणि तुमची दहा-पंधरा वर्षांची तयारी असेल तर हा योग्य.

पहिल्यांदा देणाऱ्यानं परवाना करार करावा, ज्याला सगळे लिव्ह अँड लायसन्स म्हणतात. यात ताबा हक्कानं जात नाही, वापराची परवानगी जाते. अकरा महिन्यांचा नको, तेवढ्यात संस्थेला पाय रोवता येत नाहीत. तीन वर्षांचा करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल समोरच्याचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. ओळखीतली संस्था आहे म्हणून पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून भागवणारे इथंच अडकतात.

आणखी एक कलम फार कमी जणांना माहीत असतं. सुविधाधिकार अधिनियम १८८२, कलम ६०: परवान्याच्या भरवशावर परवानाधारकानं स्वखर्चानं कायम स्वरूपाचं काम केलं असेल तर परवाना रद्द करता येत नाही. म्हणजे तुम्ही प्रेमानं "बांधा की शेड" म्हणालात आणि संस्थेनं पक्कं बांधलं, की पेच उभा राहतो. म्हणून करारात लिहा की कायम बांधकाम मालकाच्या लेखी संमतीविना होणार नाही, आणि संमतीनं झालेल्या कामाचं मुदतीअंती काय करायचं. संस्थेच्या बाजूनंही हे न्यायाचं आहे. देणगीदारांचे पैसे मातीत जाऊ नयेत.

बारा वर्षं राहिले की जागा त्यांची होते, अशी भीती सगळ्यात जास्त ऐकू येते. परवानगीनं असलेला वापर हा मालकाविरुद्धचा ताबा धरला जात नाही. लेखी, नोंदणीकृत, वेळेवर नूतनीकरण केलेला करार असेल तर ही भीती बाळगू नका. राहणाऱ्यांकडून तुम्ही किंवा संस्थेनं महिन्याचं भाडं घेऊ नये, स्वतंत्र खोल्यांना त्यांची कुलपं नसावीत, नोंद खाटेची असावी.

घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिल कुणी भरायचं, दुरुस्ती कुणाची, विमा कुणाचा, हिशेब मालकाला वर्षातून किती वेळा दाखवायचा, हे सगळं नावानिशी लिहा. सार्वजनिक धर्मादाय कामासाठीच पूर्णपणे वापरल्या जाणाऱ्या इमारतीला महापालिका अधिनियमाच्या कलम १३२ खाली सर्वसाधारण करातून सूट मागता येते. बाकीचे कर भरावे लागतात.

इमारत

माणशी किमान ५० चौरस फूट हा राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता. वीस माणसांना झोपण्याचीच हजार चौरस फूट जागा लागते आणि एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. स्वयंपाक, संडास-न्हाणी, काळजीवाहकाची खोली धरून दोन गुंठ्यांचं तळमजल्याचं बांधकाम नीट बसतं. पाणी माणशी १३५ लिटरच्या शहरी मापानं दिवसाला २,७०० लिटर. टाकी त्याच्या दुप्पट घ्या, कारण कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ च्या पुरात उपसा केंद्रं बुडून पाणीपुरवठाच बंद पडला होता. पत्र्याचं शेड असेल तर खालून छत लावा, नाहीतर जुलैच्या पावसाच्या आवाजात कुणाला झोप लागत नाही. दहा माणसांमागं एक तरी संडास, त्यातला एक खुर्चीचा आणि पकडायला दांडी असलेला. बायकांसाठी वेगळी इमारत किंवा वेगळं दार, नुसता पडदा नको. तात्पुरत्या शेडलाही बांधकाम परवानगी लागते, आणि अग्निशमन विभागाला दाखवल्याशिवाय वापर सुरू करू नका. रोज स्वयंपाक होणार असेल तर अन्न सुरक्षा नोंदणी काढा.

पेठेत, गल्लीत कुणाला विचारायचं

तालमीला, म्हणजे पेठेतल्या तालीम मंडळाला. पेठेत राहणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. पाया खोदण्याआधी तालीम मंडळाची बैठक मागा आणि संस्थेच्या माणसांनाही बरोबर न्या. लोकांचे प्रश्न ठरलेले असतात: दारुडे येतील का, पोरीबाळींचं काय, घाण होईल का. "काही होणार नाही" असं सांगू नका. रात्री फोन केला तर कोण उचलणार, त्याचा नंबर द्या. तक्रार झाली तर कुठल्या दिवशी बैठक, तेही सांगा. देखरेख समितीत गल्लीतली दोन माणसं घ्या, त्यातली एक बाई असू द्या. हद्दीतल्या पोलीस ठाण्यात लेखी माहिती देऊन पोच घ्या.

दार उघडल्यावर

ओळखपत्र नाही म्हणून कुणालाही परत पाठवू नका. ज्याच्याकडं सगळे कागद आहेत तो सहसा इथं येत नाही. नोंदवहीत नाव, अंदाजे वय, गाव, आजार, कळवायचं माणूस आणि अंगठा किंवा सही एवढं पुरे.

रात्री नऊला गेट बंद हा नियम निवारा रिकामा ठेवतो. हॉटेलातली माणसं बारापर्यंत सुटतात, भाजीवाले पहाटे निघतात. बारापर्यंत दार सरसकट उघडं आणि त्यानंतर घंटी, असं ठेवा. पिऊन आलेल्याला दंगा करत नसेल तर झोपू द्यावं. आत पिणं मात्र बंद. कीर्तन, प्रवचन, प्रार्थना ऐच्छिक. जेवण मिळण्यासाठी कशालाही बसावं लागता कामा नये. वाढदिवसाला जेवण घालणाऱ्यांना या म्हणा, पण ताटासोबतचे फोटो नाहीत.

हिवाळ्यात पहिल्या आठवड्यात गर्दी होईल, मग निम्मी माणसं जातील, काही परत येतील. याला अपयश समजू नका.

अठरा वर्षांखालचं एकटं मूल आलं तर त्याला ठेवून घ्यायचा अधिकार तुम्हाला नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे चोवीस तासांच्या आत १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, पोलीस किंवा बालकल्याण समितीला कळवणं बंधनकारक आहे. मनाचा तोल गेलेली, भटकणारी व्यक्ती असेल तर मानसिक आरोग्य अधिनियम २०१७ च्या कलम १०० खाली तिला संरक्षणात घेऊन सरकारी दवाखान्यात नेणं पोलिसांचं कर्तव्य आहे. ठाण्याला लेखी कळवा आणि सोबत कुणीतरी जा. अशा माणसांना उपचारासाठीच ठेवणारं केंद्र चालवायचं तर त्याची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं वेगळी नोंदणी लागते. निवाऱ्यात मृत्यू झाला तर पोलिसांना कळवल्याशिवाय मृतदेह हलवू नका. नातेवाईक नसले तरी अंत्यविधीचा खर्च अडत नाही, पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका दहन मोफत करते.

स्थिरावलेल्या माणसाचे कागद महिनाभरात सुरू करा. मतदार नोंदणीसाठी बेघराला पत्त्याचा पुरावा लागत नाही: अर्जात लिहिलेल्या जागी माणूस खरंच झोपतो का हे बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा केंद्रस्तरीय अधिकारी, रात्री येऊन, एकाहून जास्त वेळा, बघतो. तिथून आधार, रेशन, बँक खातं असा रस्ता उघडतो. पात्र असेल त्याचा संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसीलला भरा. महिन्याचे ते १,५०० रुपये स्वतःच्या खात्यात आले की काही माणसं मुलाशी पुन्हा बोलू लागतात. ज्येष्ठांच्या छळाची तक्रार असेल तर १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

करार संपवायची वेळ आली तर

हे कलम पहिल्याच दिवशी लिहायचं. दोन्ही बाजूंना सहा महिन्यांची लेखी नोटीस, आणि जून ते सप्टेंबर या काळात जागा रिकामी करून मागायची नाही. नोटिशीची प्रत महापालिकेला. राहणाऱ्या प्रत्येकाची पुढची सोय नोंदवहीत लिहूनच किल्ली परत घ्यायची: कोण दुसऱ्या निवाऱ्यात, कोण घरी, कोण भाड्याच्या खोलीत. ज्याच्या मतदार यादीत, रेशनकार्डावर हा पत्ता आहे त्याच्या पत्ता बदलाचा अर्ज संस्थेनं भरून द्यायचा. तुमच्या पश्चात वारसांवर ही मुदत बंधनकारक राहील अशी ओळ वकिलाकडून घालून घ्या, आणि त्या पानावर मुलांच्या सह्या आत्ताच घ्या.